जीन्सला गुण देणे मी का सोडले

एखादा डेनिमचा ब्रँड पर्यावरणाच्या दृष्टीने किती बरा आहे, हे शंभरपैकी गुण देऊन सांगता येते असे माझे ठाम मत होते. त्या मतावर माझे घरही चालत होते. कपड्यांच्या ब्रँडना अशी मूल्यांकने करून देणाऱ्या मुंबईतल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत मी बरीच वर्षे होतो. ब्रँडकडून प्रश्नावली भरून घ्यायची. कापूस कुठला, कापड कोणत्या गिरणीचे, रंगाईला आणि वॉशिंगला पाणी किती, वीज किती, बॉयलरमध्ये जळते काय, हे तक्त्यात भरायचे. सगळ्याला पँटींच्या संख्येने भागायचे आणि जो आकडा येईल त्यावरून गुण मांडायचे. पँटमागे पाणी कमी, कार्बन कमी, की ब्रँड चांगला. आता मी तसे मानत नाही. हे मत बदलायला मला कुणा आंदोलकाने भाग पाडले नाही. तक्ते भरता भरताच ते सैल होत गेले. कसे, ते सांगतो.

आधी जुन्या मताची बाजू मांडली पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नव्हते. लिव्हाइज या अमेरिकी कंपनीने २००७ साली आपल्या ५०१ या जीन्सचा शेतापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब करून घेतला आणि २०१५ साली तो सुधारून प्रसिद्ध केला. एका पँटच्या सबंध आयुष्यात ३,७८१ लिटर पाणी आणि ३३.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे वायू, असा तो हिशोब. पाण्यापैकी ६८ टक्के कापसाच्या शेतात गेलेले आणि २३ टक्के गिऱ्हाइकाच्या घरी, धुण्यात. तोवर जीन्सचे प्रदूषण म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर रंगाईखात्यातून बाहेर पडणारे निळे सांडपाणी येई. शेत आणि धुलाईयंत्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. स्वतःच्याच मालाचा असा पंचनामा करून तो लोकांपुढे ठेवणाऱ्या कंपन्या तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आकडे मांडले की डोळ्यांना न दिसणारे दिसू लागते, हे मी त्या अहवालातून शिकलो आणि आजही मानतो.

पहिली ठेचही त्याच अहवालामुळे लागली. कमी पाण्यात वॉशिंग करण्याची ‘वॉटरलेस’ नावाची पद्धत याच कंपनीने २०११ साली बाजारात आणली. काही प्रकारच्या पँटींत त्या टप्प्यावरचे ९६ टक्क्यांपर्यंत पाणी वाचते, असा दावा होता. मागोमाग इतर ब्रँडच्याही पँटींवर तसेच हिरवे टॅग लटकू लागले आणि ते ब्रँड आमच्याकडे गुणांसाठी येऊ लागले. आता साधी वजाबाकी करा. ६८ आणि २३ मिळून झाले ९१. उरले ९ टक्के, म्हणजे साधारण ३४० लिटर. यात सूत, रंगाई, विणाई, शिलाई आणि वॉशिंग असे सगळे आले. त्या ३४० मधल्या एका भागाचे ९६ टक्के! टॅग वाचणाऱ्याला मात्र सबंध पँटचेच पाणी वाचले असे वाटते. यात खोटे कुणीच बोलत नव्हते. लिव्हाइजने तर दोन्ही आकडे उघड केले आणि २०१६ साली आपल्या या पद्धती इतरांसाठी खुल्याही करून दिल्या. प्रश्न आमच्यासारख्या गुण देणाऱ्यांचा होता. वॉशिंगच्या सुधारणेला आम्ही भरघोस गुण देत असू, कारण तिचे कागद मिळत. शेताचे कागद मिळत नसत, म्हणून तिथे एक ढोबळ सरासरी टाकून पुढे जात असू. गुणांची वाटणी नुकसान किती यावर न होता कागद किती यावर होत होती.

घरच्या धुण्याचे प्रकरण तर मजेशीर आहे. त्या अभ्यासात गिऱ्हाइकाच्या सवयी पाहिल्या त्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि चीनमधल्या. अमेरिकन माणूस साधारण दोनदा घातली की जीन्स धुतो, चिनी माणूस साधारण चारदा. आपण त्यात नाहीच. बादलीत भिजवणारे, दांडीवर वाळवणारे आणि ड्रायर न पाहिलेले कोट्यवधी लोक कोणत्या रकान्यात घालायचे हे मला कुणी सांगितले नाही, म्हणून मी परदेशी सरासरीच वापरत राहिलो. लिव्हाइजचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ साली एका परिषदेत सांगितले होते की अंगावरची जीन्स वर्षभराची झाली तरी आपण ती मशीनमध्ये घातलेली नाही. सल्ला उत्तमच. जून महिन्यात विरारहून चर्चगेटला लोकलने जाणाऱ्या माणसाला तो देऊन पाहावा.

पण हे सगळे दुरुस्त करता येण्यासारखे होते. मला खरा धक्का बसला तो कापसाच्या रकान्यात.

माझे आजोळ यवतमाळ जिल्ह्यातले. मामाची शेती कोरडवाहू. कापूस आणि त्यात तुरीचे तास. एका दिवाळीत मी तिथे लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि मामाने कुतूहलाने विचारले, हे काय चालले आहे. मी मोठ्या उत्साहाने सांगितले की भारतात एक किलो सुती कापडापुरता कापूस पिकवायला सरासरी २२,५०० लिटर पाणी लागते, जगाची सरासरी मात्र १०,००० च्या आसपास आहे. म्हणून भारतीय कापूस वापरणाऱ्या ब्रँडचे गुण कापावे लागतात. मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमच्या पऱ्हाटीले पानी देते कोन? वरच्यानं देल्लं तं देल्लं, नाई तं उभी वायते. मंग तुह्या कागदात हे बावीस हजार आलं कोठून रे बाप्पा?”

कुठून आले, ते मला माहीत असायला हवे होते, कारण ज्या पद्धतीने तो आकडा निघतो तिच्यातच उत्तर आहे. वॉटर फूटप्रिंट ही कल्पना आर्येन हूक्स्ट्रा या डच अभ्यासकाने २००२ साली मांडली. पुढे तिच्यात पाण्याचे तीन रंग केले गेले. शेतात पडलेला पाऊस मातीत मुरून पिकाने वापरला ते हिरवे पाणी. नदी, धरण, विहीर यांतून उपसलेले ते निळे. आणि खते-औषधांची घाण सहन होण्याइतकी पातळ व्हायला जे लागेल ते करडे. मी वापरत होतो तो आकडा या तिन्हींची बेरीज. मामाच्या शेतातले बहुतेक पाणी हिरवे. तिथे कापसाऐवजी ज्वारी असती, नाही तर नुसते गवत असते, तरी तो पाऊस तसाच मुरला आणि उडून गेला असता. किलोमागचा आकडा एवढा फुगतो कारण महाराष्ट्रात कापसाचे उत्पादनच कमी. हेक्टरी तीनशे-साडेतीनशे किलो रुई, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. तेवढाच पाऊस कमी किलोंनी भागला की भागाकार मोठा येणारच.

याच्या उलट टोकाला अरल समुद्र. अमू आणि सीर या दोन नद्यांचे पाणी सोव्हिएत काळात कालव्यांनी कापसाकडे वळवले गेले आणि १९६० नंतर जगातल्या मोठ्या सरोवरांपैकी एक बघता बघता आटले. तसे कालव्याचे पीक हेक्टरी भरघोस आले, तर किलोमागे एकूण लिटर कमीच दिसणार. म्हणजे माझ्या तक्त्यात आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याचा कापूस नापास आणि नदी पिऊन टाकणारा कापूस पहिल्या वर्गात, असे होऊ शकत होते. लिटर हे माप सगळीकडे सारखे असले तरी पाणी सगळीकडे सारखे नसते. कुठले पाणी, कुठल्या नदीचे, कोणाच्या वाट्याचे, हे न विचारता त्याची बेरीज करण्याला काही अर्थ नाही, असे त्या दिवाळीनंतर मला वाटू लागले.

मग मी विदर्भाचा कापूस निर्मळ ठरवायला निघालो का? तोही मोह झाला. पण २०१७ साल विसरता येत नाही. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला फार तर रुमाल. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी बियाण्याचे कवच फोडून विदर्भाचा कापूस खाऊन टाकला. माझ्या तक्त्यात कीटकनाशकांसाठी एक रकाना होता: हेक्टरी किती किलो. पंप पाठीवर घेतलेल्या माणसासाठी रकाना नव्हता. पाण्यात पहिला येणारा कापूस विषात शेवटचा येऊ शकतो, आणि या दोन्ही गोष्टींची मिळून सरासरी काढली की ‘मध्यम’ असा शेरा मिळतो. तो शेरा ना पाण्याबद्दल खरे सांगतो ना विषाबद्दल.

ब्रँडचे म्हणणे असते की म्हणूनच तर आम्ही ऑरगॅनिक घेतो, बेटर कॉटन घेतो. आधी ऑरगॅनिकचे पाहू. सेंद्रिय कापडासाठी जगभर मानले जाणारे गॉट्स हे मानक चालवणाऱ्या संस्थेनेच २०२० साली जाहीर केले की भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाला बनावट कागदपत्रांवर सेंद्रिय ठरवले गेले होते. त्यांनी ते शोधले आणि लपवले नाही, हे चांगलेच. पण प्रमाणपत्र पाहून मी डोळे मिटून जे पूर्ण गुण देत होतो त्यांचे काय? बेटर कॉटन या योजनेची गोष्ट वेगळी आहे, तिथे फसवणूक नाही. त्यांची बरीचशी खरेदी हिशोबाच्या तत्त्वावर चालते: ब्रँडने जितका कापूस त्या नावाने खरेदी केला तितका कुठेतरी त्या पद्धतीने पिकला, एवढीच हमी. तुमच्या अंगावरच्या पँटमध्ये तोच कापूस असेल असे नाही. कापसाचा माग काढता येईल अशी त्यांची वेगळी व्यवस्था २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. या योजनेतून शेतकऱ्यांना जे शिकवले जाते ते उपयोगाचे आहे, विदर्भातही आहे. पण टॅग वाचणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमची गिरणी आहे. शेत, जिनिंग आणि कापड असे सगळे एका जिल्ह्यात. तरी रुईची गाठ बांधली गेली की तिच्यावर शेताचे नाव राहत नाही. खरेदी होते ती धाग्याची लांबी आणि मजबुती पाहून.

आता मघाच्या त्या ९ टक्क्यांकडे पुन्हा येतो. वॉशिंगचे पाणी लिटरमध्ये थोडे, म्हणून मी ते हलके ठरवले होते. उल्हासनगरने तेही मत टिकू दिले नाही.

‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईकरांना पाठ आहे. जीन्सच्या धंद्यात मात्र ते शहर विनोदाचा विषय नाही. शिलाई, धागा कटिंग, बटण-रिव्हेट, वॉश अशी सगळी साखळी तिथल्या गल्ल्यांत उभी राहिली. कोऱ्या कडक जीन्सला जुनी, विरलेली कळा आणायची तर दगड किंवा एन्झाइम घालून ती मोठ्या ड्रममध्ये फिरवतात. मांडीवरचा फिका पट्टा आणायला पोटॅशियम परमँगनेट फवारतात. कारागीर त्याला नुसते पीपी म्हणतात. पूर्वी हेच काम वाळूचा मारा करून होई. त्या धुळीने तुर्कस्तानात कामगारांना सिलिकोसिस झाला, तेव्हा तिथल्या सरकारने २००९ साली त्यावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी लिव्हाइज आणि एच अँड एम यांनीही ते थांबवत असल्याचे जाहीर केले. उल्हासनगरच्या जीन्स वॉश कारखान्यांचे पाणी नाल्यांतून वालधुनी नदीत जाई. तक्रारी झाल्या, प्रकरण हरित लवादापर्यंत गेले आणि २०१८ च्या सुमारास शेकडो वॉश कारखाने बंद झाले. त्यांतले काही आसपासच्या ग्रामीण भागात जाऊन पुन्हा सुरू झाल्याच्या तक्रारी पुढे येतच राहिल्या.

एका देशी ब्रँडची फाइल माझ्याकडे होती. शिलाईचे कारखाने यादीत होते, एकापेक्षा एक नीटनेटके. वॉशिंग जॉबवर्कवर बाहेर दिलेले. कुठे, असे विचारले तर उत्तर आले की ते कंत्राटदार बघतो, आणि कंत्राटदार बदलत असतात. आमच्या नियमांप्रमाणे न मिळालेल्या माहितीच्या जागी धंद्याची सरासरी घालायची होती. मी ती घातली आणि ब्रँडला चांगले गुण मिळाले. लिटरच्या हिशोबात ते पाणी नगण्य होते. ते वाहत ज्या नाल्यात जाते तिथे मात्र त्या नाल्याला दुसरे पाणीच नसते. वरिष्ठांना मी म्हटले की वॉशिंगचा पत्ता नसेल तर गुण रोखून धरू या. ते हसले आणि म्हणाले, आपल्याला मूल्यांकन विकायचे आहे की प्रबंध लिहायचा आहे? त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटले असते. गुण रोखले तर ब्रँड दुसऱ्या सल्लागाराकडे जातो.

या धंद्याच्या मुळाशीच जी अडचण आहे ती माझ्या एकट्याच्या तक्त्यापुरती नाही, हे नॉर्वेने दाखवून दिले. कपडे उद्योगाने मिळून बनवलेला हिग इंडेक्स जगभर वापरला जाई. आम्हीही त्याच्याच धर्तीवर चालत होतो. २०२२ साली नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने ठरवले की त्या निर्देशांकाच्या सरासरी आकड्यांवरून एखादा विशिष्ट कपडा पर्यावरणाला बरा असल्याची जाहिरात करणे दिशाभूल करणारे आहे. नोरोना या त्यांच्याच देशातल्या ब्रँडला त्यांनी अडवले आणि एच अँड एमला इशारा दिला. जगाची सरासरी धोरण ठरवायला कामाची असते. या कारखान्यातली ही पँट बरी की वाईट, हे ती सांगू शकत नाही. नेमके हेच सांगण्याचे मी पैसे घेत होतो.

आणि एक गोष्ट राहिलीच, जिच्याकडे मी सगळ्यात उशिरा पाहिले: भागाकार. सगळे काही एका पँटने भागले की पँटी किती विकल्या हा प्रश्नच नाहीसा होतो. समजा ब्रँडने पँटमागचे पाणी २० टक्क्यांनी घटवले आणि त्याच काळात विक्री दीडपट केली. माझ्या तक्त्यात त्याला बक्षीस. नदीच्या हिशोबात एकूण पाणी २० टक्क्यांनी वाढलेले. लिव्हाइजने २०२१ साली ‘चांगले घ्या, जास्त दिवस घाला’ अशा आशयाची जाहिरात मोहीम काढली, आणि मला ती आवडली होती. पण प्रत्येक तिमाहीला विक्री वाढवून दाखवण्याचे बंधन असलेल्या कंपनीने हा सल्ला देणे किती अवघड आहे, हे तिचे वार्षिक अहवाल वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१९ साली जीन्स कशी असावी याचे निकष काढले: निदान ९८ टक्के वनस्पतिजन्य धागा, म्हणजे पुढे तिचा धागा पुन्हा काढता येईल, वाळूचा मारा नको, पीपी नको, वगैरे. सगळे चांगलेच. त्यात टिकाऊपणाची अट आहे ती किमान ३० धुण्यांची. आमच्याकडे ३० धुण्यांनंतर पँट कुठे अंगाला बसू लागते.

तरी काही बाबतींत माझे मत जागचे हललेले नाही, तेही सांगतो. मोजमाप करू नये असे मी म्हणत नाही. पँट जास्त वर्षे घालणे हा सगळ्यांत बरा उपाय आहे, हे मला आधीही पटत होते, आताही पटते. दोन-तीन टक्के लायक्रा घातलेली ताणणारी जीन्स घेऊ नये, तिचा पुनर्वापर अवघड होतो, हेही मी अजून सांगतो, आणि माझ्या घरात ते कुणी ऐकत नाही. फरक एवढाच झाला की ब्रँडला एका आकड्यात तोलता येते यावरचा विश्वास गेला. आता कुणी मत विचारलेच तर मी आधी पत्ते मागतो. कापूस कोणत्या तालुक्यातल्या जिनिंगमधून आला, रंगाई कुठे झाली, वॉशिंग कुणी केले आणि ते पाणी कोणत्या नाल्याला मिळते. मग एकूण नग विचारतो, गेल्या वर्षीचे आणि यंदाचे. उत्तर नाही आले तर तिथे सरासरी घालत नाही, ‘सांगितले नाही’ असे लिहितो. असे लिहून पोट भरत नाही, म्हणून ती नोकरी सोडून मी आता शिकवतो. लबाडी सापडली म्हणून मी बाहेर पडलो असे कुणी समजू नये. माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी बहुतेक जण माझ्याहून कष्टाळू आणि सचोटीचे होते.

वाचकांच्या हाती एक गोष्ट आहे. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द आता पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत, आणि तो पुरावा क्यूआर कोड किंवा दुव्यातून ग्राहकाला पाहता आला पाहिजे. पुढच्या वेळी जीन्सच्या टॅगवर झाडाचे पान आणि पाण्याचा थेंब दिसला तर दुकानातच तो कोड उघडून पाहा. त्यात टक्केवारी सापडेलच. वॉशिंग कारखान्याचा पत्ता आहे का ते शोधा. पुरावाच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोन मराठीतूनही करता येतो.